पॅनेलमध्ये नारळ

सासऱ्याच्या कामाला जावयानं हात घालू नये, असं मल्लिनाथला लातुरात सगळ्यांनी बजावलं होतं. पण ऐकतो कोण! रेणापूरजवळ सिद्रामप्पांची नवी डाळमिल उभी राहिली अन् तिच्या विजेचं सगळं काम या पठ्ठ्यानं अंगावर घेतलं. भाऊबंद बोलायचेच, "जावई म्हणून दिलं. काम येतंय कुठं त्याला?" आज तपासणी होती. पास झाला तर तोंडं बंद, नापास झाला तर सासुरवाडीत जन्मभर खाली मान.

काल त्यानं स्वतः सगळं तपासलं होतं, झकास निघालं होतं. म्हणून तर आज शीळ घालत तो इन्स्पेक्टर मृण्मयी मॅडमना आणायला फाट्यावर गेला.

मॅडमनी मुख्य पॅनेलला मेगर लावला. कुठं वीज गळणार नसेल तर या यंत्राचा काटा सरसर वर चढतो. इथं तो शून्यावर बसला तो हलायचं नाव घेईना.

"काल तपासलं होतं ना?"

"हाव मॅडम, काल लई भारी होतं!"

मागं सिद्रामप्पांचा चुलतभाऊ चंद्रप्पा खोकला. खोकला कसला, टोमणाच तो!

मल्लिनाथनं पॅनेलचं दार उघडलं अन् त्याला घाम फुटला. आत तांब्याच्या पट्ट्यांवर विभूतीचा चिखल, बेलाची पानं अन् वरून खालपर्यंत ओघळलेलं चिकट पाणी. त्यानं वळून पाहिलं. सिद्रामप्पा हातात खोबऱ्याची वाटी धरून कौतुकानं हसत उभे होते. बाहेरून शिंपडलेलं देवाला काय पोचतंय, म्हणून मामांनी सकाळी वॉचमनकडून चावी घेऊन नारळ थेट आत फोडला होता!

आता बोलावं तर चारचौघांत सासऱ्याची शोभा, न बोलावं तर आपली. अस्सा राग आला होता त्याला! पण तोंडातून निघालं भलतंच. "माझीच चूक मॅडम. रात्री दार उघडं राहिलं, दव पडलं असंल."

मॅडमनी आत वाकून वास घेतला. "कॉन्ट्रॅक्टर, तुमच्या दवाला खोबऱ्याचा वास येतोय. अन् विभूतीपण लागलीय."

सिद्रामप्पांचं हसू मावळलं. वाटी खाली ठेवून ते पुढं आले. "मॅडम, पोरगं माझ्यापायी खोटं बोलायलंय. नारळ म्या फोडला. त्याच्या कामात खोट न्हाई." हे बोलताना ते चंद्रप्पाकडं बघत होते. मल्लिनाथचा राग कुठल्या कुठं पळाला.

"पुसा, वाळवा. पुन्हा बघते," मॅडम म्हणाल्या.

मग काय धांदल! सिद्रामप्पांच्या लेकीनं, अक्षरानं, घरून आपला केस वाळवायचा ड्रायर आणून नवऱ्याच्या हातात दिला. जनरेटरवर तो घोंगावत राहिला अन् मल्लिनाथ एखाद्या नवरीचे केस वाळवावेत तसा पॅनेल वाळवत बसला. शेवटी मॅडमनी मेगर लावला. काटा सरसर चढला.

"पास."

"हर हर महादेव!" सिद्रामप्पांनी आनंदाच्या भरात पिशवीतून दुसरा नारळ काढला अन् पॅनेलसमोर हात उचलला.

"मामा, हात खाली!"

मल्लिनाथ असा ओरडला की मिलमधली कबुतरं उडाली. सासऱ्यावर जावई ओरडला! चंद्रप्पा खोकायचंसुद्धा विसरला.

सिद्रामप्पांनी हात हळूच खाली घेतला अन् नारळ जावयाच्या ओंजळीत ठेवला.

"मग तुमीच फोडा, जावईबापू," ते म्हणाले. "मिल तुमच्या हातानं चालू व्हायलीय. पर जरा लांब जाऊन फोडा."