उखर्डू आबांनी पसंत केलेली गाडी

धुळ्याच्या हायवेवर जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाच्या आवारात ती पांढरी एसयूव्ही उभी होती. चौदा वर्षं वापरलेली, पण धुऊन-पुसून चकाचक केलेली. दलाल म्हणाला, "तुमचा मिस्त्री आणून दाखवून घ्या साहेब. मागून बोलायचं नाही."

गोपाल हसला आणि तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री कशाला? आमचे आबा आलेत ना."

उखर्डू आबांनी उभी हयात शिरपूरच्या एका जिनिंग मिलचा ट्रक चालवला होता. बोनेटपाशी वाकून, डोळे मिटून ते इंजिन ऐकायचे आणि दुखणं कुठल्या सिलेंडरला आहे ते सांगायचे. खोलल्यावर तेच निघायचं. दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हरसुद्धा त्यांना हाताला धरून आपल्या गाडीकडे न्यायचे. लहानपणी गोपालने हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्याला दुसऱ्या कुणाचं मत नकोच होतं.

दलालाने गाडी सुरू केली. आबांनी बोनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चांगली शे. ली ले."

गोपालने घेतली.

तो जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला होता. आबा साक्रीच्या पुढे गावात एकटेच राहायचे. गुडघे धरल्यापासून एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. त्यांना आणायला-सोडायला गाडी हवी, हे कारण खरंच होतं. पण जन्मभर दुसऱ्याची गाडी हाकलेला बाप आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसावा, ही त्याची खरी हौस होती.

पहिल्याच खेपेला पारोळ्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. रेडिएटर गळत होता. तो बदलला तर वॉटर पंप गेला. पाठोपाठ क्लच प्लेट, मग पुढच्या चाकांचे बुश. दर महिन्याला गाडी काहीतरी मागायची आणि गोपाल ते द्यायचा. मोहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "आता बास करा." पण आबांनी पसंत केलेली गाडी वाईट कशी निघेल? जुनी आहे, एकदा सगळं मार्गी लागलं की चालेल, असं तो स्वतःला समजावत राहिला.

आबांना चार दिवस राहायला आणलं, त्याच आठवड्यात गाडी काळा धूर ओकायला लागली. त्यांना शेजारी बसवून गोपाल सुकदेव मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. सुकदेवने नुसती एकदा रेस दिली आणि गाडी बंद केली.

"बेअरिंग वाजतंय. इंजिन उतरवावं लागेल. गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च धरा."

"अचानक कसं झालं?"

"अचानक नाही हो. हा जुना आवाज आहे. घेताना कुणी ऐकली नव्हती का?"

आबा बाकावर बसून दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. ते किंचित हसले आणि मान डोलावली. त्या हसण्याने गोपालचं डोकंच फिरलं.

"हसताय काय आबा? तुमच्या शब्दावर घेतली मी ही! एवढा आवाज येतोय आणि तुम्ही चांगली म्हणालात?"

तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. आबांचं हसू विरलं. त्यांनी आपला उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला.

"हात ठेवा तं थरथर बरोबर वाटनी माले," ते हळूच म्हणाले.

"आणि आवाज?"

आबा खाली बघत राहिले. गोपालने जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

"माले आयकू येस नही, पोऱ्या. दोन वरीस व्हई ग्यात. तू इतला लोकेसमोर सांगं, मन्हा बाप पारखी शे म्हनीसन. मी कसं नही म्हनू?"

सुकदेव पाना घेऊन उगाच आत निघून गेला. गोपाल बाकावर बापाशेजारी बसला. दोन वर्षं. त्याच्या मनात हिशेब लागला.

गेल्या वर्षी मोहिनीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्याने आबांना फोन केला होता. "आबा, बाळ गेलं," तो रडत म्हणाला होता, आणि पलीकडून आबा म्हणाले होते, "हा, हा. बेस व्हयनं. बठ्ठा खुशाल ऱ्हा." बरं झालं, हे बापाच्या तोंडून ऐकून त्याने फोन ठेवून दिला होता. त्यानंतर चार महिने तो गावाकडे फिरकला नव्हता. मोहिनीला त्याने सांगितलं होतं, आबांना वाईट वाटलं. आबांशी तो विषय पुन्हा काढलाच नव्हता.

इंजिन उतरवायचं नाही, असं त्याने सुकदेवला सांगितलं. भंगारवाल्याने गाडी आहे तशी उचलली. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, पण नस सुकली आहे, फार फरक पडणार नाही, असंही सांगितलं. आबांनी ते दोन दिवस लावलं. नुसती घरघर येते म्हणून काढून ठेवलं.

गोपालने मोहिनीला सगळं सांगितलं, फोनवर आबा काय म्हणाले होते तेसुद्धा. दुपारी जेवणं झाल्यावर ती आबांच्या समोर जमिनीवर बसली. त्यांची नजर तिच्या ओठांवर येईपर्यंत थांबली.

"आबा, आपलं बाळ गेलं. मागच्या वर्षी. पोटातच."

आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांचा चेहरा आकसला. त्यांनी गोपालकडे पाहिलं.

"माले कोनी सांगं नही?"

मोहिनीने मान वर केली. गोपाल आबांना ओठ नीट दिसतील असं वळून सावकाश म्हणाला, "नाही सांगितलं आबा. चुकलं माझं."

आबा त्याला रागावले नाहीत. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"पोऱ्या व्हता का पोरगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी," मोहिनी म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून तिला रडू फुटलं.