तातडीचा लाल फडका

मी एक जुना लाल फडका आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. माणसांशी माझी मैत्री नाही.

मूळचा मी रेल्वेचा बावटा. मी नुसता हललो की मेलगाडीसुद्धा थांबायची. तेव्हा कौतुकही झालं. पुढं माझ्या कडा विरल्या. मग मालगोदामाचे बडेबाबू नारायणराव यांनी मला फाडून तातडीच्या मालाला बांधायला घेतलं. ज्यानं जन्मभर गाड्या थांबवल्या, त्याला घाईच्या कामावर नेमलं. बाबू मॅट्रिक झालेले होते.

नियमही त्यांचाच. लाल फडक्याच्या मालाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. गाठ बाबूच सोडणार. त्यामुळे मीठ, गूळ, दोरखंड असला बिनफडक्याचा माल रहेमतुल्लाच्या बैलगाडीतून रोज घाट चढून जाई. तातडीचा माल बाबूंची वाट पाहत बसे.

एका वैशाखात देऊळघाटला पटकीची साथ आली. विहिरीत टाकायच्या दवेची पेटी सोमवारी गोदामात उतरली. बाबूंनी मला तिच्यावर करकचून बांधलं आणि ते साहेबांच्या कॅम्पावर निघून गेले.

शनिवारी देऊळघाटची अंबूबाई रहेमतुल्लाच्या गाडीत बसून आली. तिची सून गेली होती. नातू अजून त्याच विहिरीचं पाणी पीत होता.

“हे पेटी काऊन नाही आणली, भाऊ?”

“तातडीची हाये, माय. हात लावला तं माह्यं काम जाईन.”

“अन् तातडीची नसती तं?”

“तं मंगळवारीच पोचली असती.”

अंबूबाईनं दातांनी माझी गाठ सोडली.

“माय, फडका हरवला तं बाबू मलेच धरतीन!”

“हरवते कशाले? हा पाहा.”

कोपऱ्यात बाबूंची आंब्यांची करंडी होती, चिखलीच्या जावयासाठी. त्या दिवशी ती रहेमतुल्लाच्याच गाडीनं जायची होती. अंबूबाईनं मला तिच्यावर बांधलं, दोन गाठी मारून. रहेमतुल्लानं एकदा करंडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पेटी उचलून गाडीत ठेवली.

पुढच्या शनिवारी बाबू परतले, ते वासानंच दारात थबकले.

“रहेमतुल्ला, आंबे का नाही गेले?”

“तातडीचा माल हाये, बाबूसाहेब. गाठ तुमीच सोडा.”

बाबूंनी सोडली. सडका रस माझ्यात जिरला. तो डाग अजून आहे.

विहिरीत दवा पडली आणि नातू वाचला. सोमवार ते शनिवार अंबूबाईच्या गल्लीत आणखी चार माणसं गेली. त्यांच्याबद्दल बाबूंना कोणी विचारलं नाही. आंब्यांबद्दल जावयानं विचारलं.

आता मी गोदामातल्या खिळ्यावर कुजतो आहे. जुन्या वस्तू जपा, असं मी शेवटी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका, चुलीत घाला. पण बाबूंनी नवा फडका आणला आहे, माझ्याहून मोठा. तो आज कुठल्या पेटीवर बांधलाय, तेवढं आधी जाऊन पाहा.