डाव्या तळहातावर

सिद्धरामअप्पांनी सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावली, पिशवी उचलली आणि दवाखान्यातल्या किरणांचा शेक द्यायच्या खोलीकडे पाठ फिरवून ते चालू लागले.

"आवो, थांबा की! कुठं निघालात?" नीलम्मा मागे धावली.

"जळकोटला. दुकान उघडायचंय."

कसलं दुकान अन् कसलं काय! घशात गाठ घेऊन माणूस भांडी विकायला निघाला होता. कालही असंच झालं होतं. शेक नेमका गळ्यावर द्यायचा, म्हणून मशीनवरच्या मुलीने गळ्यातली चांदीची डबी काढायला सांगितली, आणि अप्पा ताडकन उठून बसले. डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी दीक्षा घेतल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. बायकोच्या हातात द्यायलाही ते तयार नव्हते. आता खाडे चालणार नाहीत, गाठ काही थांबून राहत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अप्पा बाहेर लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले, ते बायकोचं ऐकून नव्हे, रिक्षा मिळेना म्हणून.

नीलम्मा आत येऊन मुरुडच्या कमरुन्निसाशेजारी बसली. कमरुन्निसाचा नवरा हनीफ आत शेक घेत होता आणि त्याच्या गळ्यातला तावीज तिने मुठीत धरला होता. आधीच्या तपासण्यांच्या दिवसांत समोरासमोर बसून दोघींची तोंडओळख झाली होती, एवढंच. आज मात्र नीलम्माने सगळं भडाभडा बोलून टाकलं.

"लेक पुण्यात. भावकीत कुनाला सांगितलं न्हाई. मी एकलीच हाय बगा भाभी."

"एकली कशी? मी काय भिंत हाय का?" कमरुन्निसा म्हणाली. "मला सांगा, पूजा कशी करतात ते?"

"डाव्या तळहातावर घेऊन."

"मग तसंच हातात घेऊन पडू द्या की. डबी तुमच्यापाशी, देव त्यांच्यापाशी. इचारू का त्या पोरीला?"

नीलम्माला भलतंच आठवलं. सासऱ्यांना, गुरुपादप्पांना, मातीआड केलं तेव्हा त्यांच्याही डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं. वर बोटं मिटवली होती. अन् आता चालत्याबोलत्या नवऱ्याला सांगायचं, लिंग हातात घ्या आणि डोळे मिटून पडा?

"नगं भाभी. आमच्यात तसं..."

कमरुन्निसाने खोदून विचारलं नाही. नीलम्माच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ते आत गेले की माझी भी रोज जान जाते. पर घरी नेऊन तरी काय करणार?"

मग तीच उठून मशीनवरच्या मुलीला विचारून आली. हातात चालेल, फक्त हलायचं नाही.

नीलम्मा बाहेर गेली. नवऱ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून तिने सांगून टाकलं. अप्पा स्वतःच्या डाव्या तळहाताकडे बघत राहिले.

"बापाची बोटं मीच मिटली होती," ते म्हणाले.

नीलम्माला रडू फुटलं. अप्पांनी गळ्याजवळची गुंडी काढली आणि ते उठले.

दार बंद झालं. रिकामी डबी पदरात धरून नीलम्मा दाराकडे टक लावून बसली. आत अप्पा पडले असतील, हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा, हातपाय सरळ, मूठ मिटलेली. नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं. हनीफ मघाशीच बाहेर आला होता. कमरुन्निसाने त्याच्या गळ्यात तावीज घातला, त्याला बाकावर बसवलं आणि ती काही घरी जायला निघाली नाही. तिने नीलम्माचा हात धरून ठेवला होता. मुरुडची गाडी गेली असणार.

दार उघडलं. अप्पा आले. तोंडावर मुखवट्याच्या जाळीचे वळ, डावी मूठ घट्ट मिटलेली.

त्यांनी तिच्यासमोर येऊन बोटं उघडली.

"डबी आन."

तिने डबी पुढे केली. लिंग आत ठेवून त्यांनी दोरा गळ्यात घातला.

"सकाळची एक, अन् आज ही दुसऱ्यांदा पूजा झाली," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग बाकावरच्या हनीफकडे अन् कमरुन्निसाकडे बघून थोडे घुटमळले. "भाभीला इचार, उद्या कवा येनार हायत. आपुनबी तवाच येऊ."