अळणी होड्या

"होडी बुडतेय, ताई! शीड सरळ करा, शीड!"

फोटोवाला टेबलावर ओणवा होऊन ओरडला, तशी सुगरणताई चिमटा घेऊन धावली. काकड्या उभ्या चिरून, गर कोरून तिने होड्या केल्या होत्या. त्यांत मटाराचं मऊ सारण भरलं होतं आणि वर पुदिन्याच्या पानाचं शीड उभारलं होतं. एका होडीचं शीड आडवं झालं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी पडलेली, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरलेली. पण मासिकाचा वसंताचा अंक थंडीतच शिजवावा लागतो. म्हणून टेबलावर पिवळी फुलं होती, लिंबाचं सरबत होतं, आणि ते प्यायचा विचार करूनच सगळ्यांचे दात वाजत होते.

'पाहुणे येती दारा : वसंतातले सोपे, गमतीचे पदार्थ' हे तिचं सदर. त्याखाली 'सुगरणताई' अशी सही असायची. वर्षानुवर्षं तीच सही चालत आल्यामुळे तिचं खरं नाव आता टपालवाल्यालाच ठाऊक होतं.

"आता काकांना बसवू या," फोटोवाला म्हणाला. "एक तरी पाहुणा हवा चित्रात."

काका म्हणजे तिचा नवरा. त्याने स्वतः शिवलेला सदरा घातला होता. तो शिंपी. सदरा पूर्वी अंगावर असा बसायचा की बघणाऱ्याने माप विचारावं. आता गळ्याशी हात जाईल एवढी फट पडली होती. लोकांचे टाके उसवून नव्याने घालणं हा त्याचा धंदा, आणि बायकोचे पदार्थ उसवणं हा त्याचा छंद. घरात त्याचं नावच उसवण्या. ती कधी चव बघायचीच नाही. पहिला घास त्याच्यापुढे धरायचा आणि तो काय नावं ठेवतो ते ऐकायचं. "आंबट झालंय. पुदिना आहे की औषध?" असं काहीतरी तो बोलायचा, ती फणकारायची, आणि पदार्थ सुधारायचा. मासिकातल्या सदराची सगळी कीर्ती या माणसाच्या जिभेवर उभी होती.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. किरणांचे शेक झाले. गाठ गेली म्हणतात, पण जाताना चवही घेऊन गेली, आणि घसा आतून सोलून निघाला. तेव्हापासून काहीही पुढे ठेवलं की दोन घास कसेबसे गिळून तो म्हणायचा, "छान." त्या 'छान'चा तिला धसका बसला होता.

"अहो, एकदा तरी नावं ठेवा," ती म्हणायची. "तुमच्या पाया पडते."

डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, "चव परत यायला लागली तर तोंडाने खातील. नाहीतर सोमवारी पोटातून नळी घालू." नळी घातली की हा माणूस पुन्हा घास मागणार नाही, हे तिने मनोमन जाणलं होतं.

फोटोवाल्याने खूण केली. "काका, चमचा उचला. हसा. खायचं नाही हं, नुसतं दाखवायचं."

त्याने सारण चमच्यावर घेतलं, आणि नुसतं न दाखवता सरळ तोंडात घातलं. बराच वेळ तोंडात घोळवलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "अळणी आहे."

सुगरणताईच्या हातातला चिमटा खाली पडला.

"काय म्हणालात?"

"अळणी. मीठ काय महाग झालंय?"

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. एका वाटीत सारण काढून ती स्वयंपाकघरात पळाली आणि मीठ घालून परत आली. त्याने चाखलं. "अजून." पुन्हा घातलं. "हात सैल सोड की जरा." ती धावत जात होती, धावत येत होती, फोटोवाला कॅमेरा बाजूला ठेवून गंमत बघत होता. शेवटी नवऱ्याने मोठा घास घेतला. गिळताना मान ताठ झाली, डोळे पाण्याने भरले. "आता जमलं," तो म्हणाला. तिला वाटलं, त्यालाही भरून आलं.

फोटोवाला गेल्यावर तो आडवा झाला, आणि तिने आधी लेकीला फोन लावला.

"अगं, तुझे बाबा नावं ठेवायला लागले!"

"खरं सांगतेस, आई? मग नळी?"

"कसली नळी नि कसलं काय!"

मग ती भांडी आवरायला लागली. वाटीच्या तळाशी थोडं सारण उरलं होतं. 'जमलं' म्हणजे किती जमलं, ते सदरात लिहायला हवं म्हणून तिने बोट बुडवून तोंडाला लावलं.

नुसतं खारट नव्हतं, कडू लागत होतं. तिला ठसका लागला.

फोटोच्या काकडीला मीठ लावत नाहीत; मीठ लागलं की तिला पाणी सुटतं आणि होडी टेबलावरच बसते. म्हणून सारणही अळणीच ठेवतात. हे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं तिच्या स्वयंपाकघरात लुडबुड केलेल्या माणसाला माहीत नसणार तर कोणाला? जीभ गप्पच होती. तिला हवं ते त्याने आठवणीतून बोलून दाखवलं होतं, आणि सोललेल्या घशातून तो जाळ तिच्यासाठी गिळला होता. ती ओट्याला धरून उभी राहिली. त्याचा राग आला, कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, की मीठ घालायला ती केवढ्या आनंदाने धावत होती.

"अगं," आतून घोगरा आवाज आला, "किती मीठ लागलं शेवटी? लिहिताना चुकशील."

तिने पदराने तोंड पुसलं.

"चिमूटभर," ती म्हणाली.

"बघ. सांगत होतो ना."

"तुम्ही म्हणजे ना, नाकाने कांदे सोलता!"

तो आत हसला. हसता हसता खोकला, आणि बराच वेळ खोकत राहिला. तो थांबेपर्यंत ती हललीच नाही. मग आत ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ मोठा सोडला आणि लेकीला पुन्हा फोन लावला.

"सोमवारी लवकर ये," ती म्हणाली. "बाबांना न्यायचंय."