बोटे किती?

वडील वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी कुणालाच शंका नव्हती. त्या रविवारी सकाळी ती फक्त त्यांना स्वतःला होती.

घरातला ठराव असा होता: मुलांच्या दोन दिवसांच्या सायकल प्रशिक्षणात लेक उत्तीर्ण झाली, तर सोमवारपासून ती शाळेत सायकलने एकटी जाईल. ठराव तिच्या आईने मांडला होता. वडिलांनी तो मोठ्या औदार्याने मंजूर केला, कारण पोरगी नापास होणार याची त्यांना खात्री होती. वर्षभरात ती दोनदा कुंपणात आणि एकदा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरली होती.

आजवर ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जात असे. रस्ता दहा मिनिटांचा. घरात हूं की चूं न करणारी ही अकरा वर्षांची मुलगी त्या दहा मिनिटांत त्यांच्या पाठीशी अखंड बोले: कुणी कुणाशी अबोला धरला, गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून कशा हसतात, मेल्यावर माणसाला कंटाळा येत असेल का. पाठ उलट प्रश्न विचारत नाही, म्हणूनच कदाचित. ही दहा मिनिटे आता जाणार, हे दुःख वडिलांनी कुणापाशी बोलून दाखवले नव्हते. रस्तासुरक्षेपुढे ते अगदीच फुटकळ दिसले असते.

प्रशिक्षण शाळेच्या वाहनतळावर होते. शिकवणाऱ्या बाई आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटून निवृत्त झालेल्या. गळ्यातल्या शिट्टीमुळे मुले त्यांना शिट्टीबाई म्हणत. शनिवारचा सारा दिवस त्यांनी मुलांना फक्त थांबायला शिकवले. चालवता काय, कुणालाही येते, असे त्यांचे मत होते. रविवारी परीक्षा होती आणि परीक्षक कमी पडले म्हणून पालकांना जुंपण्यात आले. आपल्या मुलाची परीक्षा आपण घ्यायची नाही, असा नियम होता खरा. पण वडिलांचा व्यवसाय कळताच शिट्टीबाईंनी तो त्यांच्यापुरता सैल केला.

"वजनमापवाले ना तुम्ही? मग पोटच्या पोरीलाही गुंजभर सूट देणार नाही."

सूट देण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

त्यांच्याकडे आलेली कसोटी साधी होती. खडूच्या सरळ रेषेवरून सायकल न्यायची. शिट्टी वाजली की चाक ढळू न देता मान मागे वळवायची आणि मागे उभ्या परीक्षकाने किती बोटे वर केली आहेत ते ओरडून सांगायचे. मागून येणारी गाडी पाहण्याची ही सवय. पण मान जिकडे वळते तिकडे हातही वळतात, हा मनुष्यदेहाचा जुनाच दोष. एक गुटगुटीत मुलगा आकडा अचूक सांगून थेट कचऱ्याच्या डब्याला भिडला आणि तिथूनच त्याने विचारले, अंगठा बोटांत धरतात का. वडिलांनी नियमावली चाळून त्याला पुन्हा एक संधी दिली.

मग लेकीची पाळी आली. शिट्टी वाजली. "तीन!" चाक रेषेला चिकटवल्यासारखे सरळ. बोटे तीनच होती, टाळ्याही पडल्या. मात्र वडिलांच्या सरावलेल्या नजरेला खोट दिसली: तिची हनुवटी खांद्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिने मागे पाहिलेच नव्हते. त्यांच्या मनात एक निर्मळ, कायदेशीर आनंद उजळला. आता तिला नापास करणे हा अन्याय नव्हता, ते कर्तव्य होते.

ती परतल्यावर त्यांनी हळूच विचारले, "न बघता तीन कसे कळले?"

"सकाळपासून तू सगळ्यांना तीनच दाखवतोयस, बाबा. रांगेत सगळ्यांना माहितीये."

ते खरे होते. सर्वांना एकच माप, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले व्रत; बोटे बदलायची असतात हे त्यांना सुचलेच नव्हते. उभ्या कारकिर्दीत इतके खोटे माप त्यांनी कुणाच्या दुकानात पकडले नव्हते. नापास करायचे तर आधी परीक्षकालाच करावे लागणार होते. त्यांनी शिट्टीबाईंना सगळे सांगितले आणि चौदाही मुलांची परीक्षा पुन्हा घ्यायचे ठरले. रांगेतून कण्हण्याचा सूर उठला. लेकीने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांना ओळखायचेच नव्हते तिला.

दुसऱ्या फेरीत ती वळली, पुरती वळली. खांद्यावरून तिचा सबंध चेहरा त्यांच्याकडे आला: कपाळावर घाम, भुवया आवळलेल्या, डोळे कामात असलेल्या माणसाचे. त्या चेहऱ्याकडे पाहता पाहता वर केलेल्या मुठीतून बोटे उघडायचे वडिलांकडून राहूनच गेले.

"एकही नाही!" ती ओरडली आणि मान पुढे करून निघून गेली. चाक रेषेवरच होते.

रिकामी मूठ दाखवण्याची युक्ती शिट्टीबाईंना फार आवडली. इतकी वर्षे आपल्यालाही हे सुचले नाही, असे त्या सर्वांदेखत म्हणाल्या आणि पुढच्या प्रत्येक शनिवार-रविवारसाठी त्यांनी वडिलांना गृहीतच धरले. मग प्रमाणपत्र समोर ठेवले: हे मूल रस्त्यावर एकटे जाण्यास योग्य आहे. खाली दोन सह्या हव्या होत्या. परीक्षकाची वडिलांनी झटक्यात केली.

पलीकडे लेक त्या गुटगुटीत मुलाच्या बरोबरीने सायकल चालवत काहीतरी सांगत होती, अखंड, हातवारे करत, एका हाताने हँडल धरून. काय सांगत होती, ते इथवर ऐकू येत नव्हते.

"पेन चालत नाही का?" पालकाच्या रकान्याकडे बोट दाखवत शिट्टीबाईंनी विचारले.

पेन व्यवस्थित चालत होते.