संबोधीच्या कादंबरीतली बाहुली

चौदाव्या वर्षी संबोधीने स्वतःच्या आयुष्यावर कादंबरी लिहायला घेतली, आणि सहाव्या प्रकरणात तिच्या लक्षात आलं की आपलं बालपण अजून हरवलेलंच नाही. मोठीच अडचण झाली. निरागसता हरवल्याशिवाय नायिका मोठी कशी होणार?

"प्रतीक लागेल," मैत्री म्हणाली. मैत्री तिची वर्गमैत्रीण आणि त्या कादंबरीची एकुलती एक वाचक. "मॅडम सांगत होत्या ना, पक्षी उडून जातो किंवा काही तरी फुटतं. मग वाचणाऱ्याला कळतं की बचपन गया."

घरात दुःख नव्हतं असं नाही. वडिलांची कापड मिल बंद होऊन चार महिने झाले होते. पण ते, धोंडिबा, कादंबरीला शोभतील असे दुःखी दिसतच नसत. वीस वर्षं मागावर काढलेला हा माणूस सकाळी भाजी चिरून देई, दुपारी गल्लीतल्या पोरींशी अष्टचंग खेळे आणि हरायला लागला की सोंगट्या उधळून देई. शहराबाहेर पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत दोनदा नोकरी विचारून आला, आणि त्याने 'उम्र ज्यादा है' म्हणणाऱ्या तिथल्या साहेबाची घरी झकास नक्कल करून दाखवली.

तेव्हा प्रतीक म्हणून बाहुलीच उरली. मिलमधल्या चिंध्यांची, धोंडिबाने स्वतः शिवलेली.

संध्याकाळी दोघी छत्रीबागेजवळच्या पुलावर गेल्या. संबोधीने डोळे मिटले आणि सहाव्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य पुटपुटत बाहुली खान नदीत सोडली. मे महिना होता. पाणी कमी, चिखल फार. बाहुली डोक्यावर पडून तिथेच रुतली. बालपण काही वाहून जायला तयार होईना.

"पानीच नाही यार," मैत्री म्हणाली.

इतक्यात चक्कीवरून पीठ घेऊन येणाऱ्या धोंडिबाने खाली पाहिलं. डबा कठड्यावर ठेवला, पायजमा वर खोचला आणि संबोधी काही बोलायच्या आत तो उतरून गुडघाभर चिखलात शिरलाही.

"भिया, सांप-वांप होगा," पुलावरून कुणीतरी म्हणालं.

"बेटी की गुड़िया है," तो म्हणाला.

एक चप्पल चिखलाला देऊन तो वर आला. बाहुलीतून काळं पाणी गळत होतं. "घे. कशी पडली गं?"

संबोधीने खरं सांगायला तोंड उघडलं. बाबा हसत होते. इतकं मनापासून हसताना तिने त्यांना चार महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि हे तिला आत्ताच कळत होतं.

"हातातून निसटली," ती म्हणाली.

"वेंधळी कुठली. मी होतो म्हणून बरं."

"हो, बाबा."

मैत्री काही बोलणार, तोच संबोधीने तिच्या पायावर पाय दिला.

घरी आईने, जयाने, धोंडिबाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अंगणातल्या नळावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळी हकीकत ऐकवत होता. पहिल्यांदा पाणी गुडघ्यापर्यंत होतं, मग कमरेपर्यंत. शेजारच्या द्वारकाबाई आल्या तोवर ते छातीला लागलं.

"खानला इतकं पाणी? उन्हाळ्यात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

संबोधी बाबांच्या पाठीवर लोटा ओतत होती. "हो," ती म्हणाली, "मी तिथेच होते ना."