झोळीचा हेवा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, श्रीरामपुरात मेहताबभाभींच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवता शिवता माझा काळा रंग उडाला आणि स्वभावही बिघडला. मी लुधियान्यात घडले, हे सांगायला मला फार आवडतं. ऐकायला कोणाला वेळ नसतो.

आमच्याकडे प्रत्येक बाईची मशीन ठरलेली. मी रेश्माची. बसण्याआधी ती माझ्या चाकाला हात लावून नमस्कार करायची. दुसरी कोणी बसली की मी मुद्दाम दोरा तोडायचे. नऊ वर्षं आमचं छान जमलं.

मग तिला मुलगी झाली, दिशा. बाळंतपणाची रजा संपवून रेश्मा परतली, पण तिचा जीव घरीच. एकदा तिने चाळीस शर्टांचे डावीकडचे खिसे उजवीकडे शिवले. माझ्याकडे लक्ष देत नव्हती ना, आता हिला बोलणी बसणार, म्हणून मी खूश. भाभींनी मात्र नुसतं विचारलं, "काय झालंय?"

"सासूबाईंना दिसत न्हाई. पोरगी कुनाच्या भरवशावर ठेवू? मी काम सोडते, भाभी."

रेश्मा गेली तर माझ्याकडे कोण बघणार?

"सोडू नको," भाभी म्हणाल्या. "पोरीला घेऊन ये. हितंच झोळी बांध. आन् चारला घरी जात जा."

झोळी नेमकी माझ्या शेजारी बांधली. रेश्माचा एक हात माझ्यावर, दुसरा झोळीच्या दोरीवर. माझा नुसता जळफळाट झाला. अर्ध्या लक्षावर मी का समाधान मानावं? पोरीचा डोळा लागला की मी खडखडायचे. एका दुपारी तर अडूनच बसले.

रेश्मा दमून म्हणाली, "भाभी, मला दुसरी मशीन द्या. हिचं आन् माझं आता न्हाई जमत."

पोरीला घालवायला निघाले होते, आणि मीच निघाले.

भाभींनी मला उघडून पाहिलं. "अगं, हिला किती दिवसांत तेल न्हाई. पट्टा बी घासलाय. आज हिला सुट्टी दे, उद्या बघू."

रेश्माने खाली बसून माझ्यातला सगळा कचरा काढला. पोरगी झोळीत रडत होती, तरी आधी मला तेल घातलं.

मित्रांनो, राबणारं कोणी चुकलं, अडलं, तर रागावण्याआधी विचारा. मला तेल नव्हतं हे खरं, पण मी अडले होते पोरीच्या हेव्यापोटी. ते कोणालाच कळलं नाही, आणि तरी त्यांनी मला जपलं.